ओनिशी-सानांच्या लॅबमधले किडे

असल्या नोकरीत मान अवघडते आणि किस्से साठतात. नव्वदच्या दशकात नवऱ्याला योकोहामात कॉम्प्युटरचं काम मिळालं, आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहायला आलो. माझी झूऑलॉजीची एम.एस्सी. घरात कुजायला नको, म्हणून मी एका छोट्या लॅबमध्ये पार्टटाइम लागले. काम एकच. तळ्यांतून बाजारात जाणारे मासे चिरायचे आणि मायक्रोस्कोपखाली किडे शोधायचे. घरी येऊन पोळ्या लाटायला जीव उरत नसे.

*

इंटरव्ह्यूत लॅबचे प्रमुख ओनिशी-सान यांनी विचारलं, "मासे खाता?"

"नाही हो, मी शाकाहारी."

वाटलं, गेली नोकरी!

ते खुर्चीत रेलले. "सुटलो! आधीचा माणूस नमुने घरी न्यायचा!"

*

शाळेत बाईंनी लेकीला विचारलं, आई काय करते? "आईला रोज किडे सापडतात!" ती ठसक्यात म्हणाली.

आठवड्याभरात तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई दारात हजर. "आमचे हे कच्चा मासा खातात. पोट दुखतंय म्हणतात. बघाल का?"

दिवसभराच्या कामाने मी पार थकलेले. म्हटलं, "डॉक्टरकडे न्या. मी मासे बघते हो, नवरे नाही!"

*

कुरोदा-सान म्हणजे आमच्याकडे तळ्यातले कार्प मासे आणून देणारा म्हातारा कोळी. त्याच्या माशांत अळ्या निघाल्या. एका हॉटेलने कच्चे खाण्यासाठी त्याचे मासे घेणं बंद केलं. तो तणतणत आला. "माझ्या तळ्यात किडे? दाखवा!"

मी मायक्रोस्कोपखाली एक अळी दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग त्याचा चेहरा उजळला.

"वळवळतेय! बघा, किती ताजा मासा होता!"

*

ओनिशी-सान रिटायर झाले, त्या दिवशी कुरोदा-सान डबा घेऊन आला. कच्च्या कार्पच्या पातळ चकत्या. त्याच तळ्यातल्या! मासा शिजवा नाहीतर नीट गोठवा, हे ओनिशी-सान त्याला वर्षानुवर्षं सांगत होते. गोठवलेल्या माशाला तो 'मढं' म्हणायचा.

ओनिशी-सानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तपासलं नव्हतं.

त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, चकती उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. "फार छान!"

"खोटं बोलू नका!" कुरोदा-सान खेकसला. "आठवडाभर फ्रीझरमध्ये होता. चव पार गेलीय!"