पीठ ज्या घरी जातं

चांगुणाबाईंची आणि आमची ओळख घावनांमुळे झाली, हे गौरवग्रंथात शोभतं की नाही, ठाऊक नाही. ऐंशीच्या सुमारास मानपाड्याजवळच्या या आगरी गावात मी शिक्षक म्हणून आलो. थोड्याच दिवसांत शेजारच्या लग्नघरातून तांदळाच्या पिठाची परात आली. आम्ही रत्नागिरीकडचे. भेट समजून पत्नीने घावन घातले आणि आम्ही पोटभर खाल्ले. संध्याकाळी लग्नघरासाठी भाकऱ्या गोळा करत चांगुणाबाई दारात उभ्या! लग्नघराने घरोघरी पीठ द्यायचं आणि प्रत्येक घराने त्याच्या भाकऱ्या करून परत करायच्या, ही इथली रीत. त्या पोट धरून हसल्या, स्वतःच्या घरचं पीठ घेऊन आल्या आणि आमच्याच स्टोव्हवर भाकऱ्या केल्या.

"मास्तर, भाकरी तुमचे घरची पायजे. घर वगलाचा नाय," म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही गावचे झालो.

पुढे जमिनी कारखान्यांना गेल्या, उरल्या त्या इमारतींना. वाटण्यांवरून भाऊ भावाशी बोलेना. त्याच दिवसांत चांगुणाबाईंच्या लेकीचं लग्न निघालं. मुलगा म्हणाला, "आये, केटरर सांगू. कोनाचे दारान जाची गरज नाय." त्यांनी ऐकलं नाही. पिठाची परात घेतली आणि ज्या दिरांनी बोलणं टाकलं होतं, त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसल्या. दार उघडेना, या उठेनात. दुपार कलल्यावर जाऊबाई बाहेर आल्या आणि मुकाट्याने परात आत घेऊन गेल्या.

भाकऱ्या आल्या. बोलणं यायला मात्र आणखी एक लग्न जावं लागलं. हे काम असंच आहे, दमवणारं. एका घरी जमलं म्हणून संपत नाही, दर लग्नाला नव्याने करावं लागतं. चांगुणाबाईंनी ते केलं. माझी पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा पावसाळाभर आमच्याकडे भाकरी आणि सुकटीचं कालवण येत राहिलं, तेही त्याच हातचं.

खरं सांगायचं तर आता त्या थकल्या आहेत, आणि मीही. गेल्या महिन्यात गावात लग्न झालं. "आजीला कशाला त्रास?" म्हणून पोरींनी मायेनेच त्यांचं घर सोडून पीठ वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर त्या थंड चुलीपुढे बसलेल्या.

"मास्तर, मी जिती हाय ना? मंग माजे घरा पीठ का नाय आला?"

मला फार वाईट वाटलं.

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी चांगुणाबाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत. शाल, श्रीफळ, हा ग्रंथ, सगळं योग्यच आहे. पण गावातल्या लेकी-सुनांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या लग्नात पहिली परात त्यांच्या दारी न्या. भाकऱ्या जाड होतील, करपतील, उशिरा येतील. तेवढं थांबा.