चुकीची किल्ली आणि माझी आतेसासू

एखादी गोष्ट चालली नाही म्हणून हरखून जाणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या निघावी, याला काय म्हणायचं? गणित शिकवून निवृत्त झाल्यावर आत्या प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि माझ्याच छोट्या हपिसात कामाला लागल्या. त्यापूर्वी त्यांना कुलूप घेताना मी पाहिलं होतं. शेजारपाजारच्या सतरा किल्ल्या त्यांनी त्यात घालून पाहिल्या. दुकानदार आ वासून बघतोय आणि या शांतपणे म्हणतात, “आपल्या किल्लीनं कुठलंही उघडतं हो. दुसऱ्याच्या किल्लीनं उघडत नाही ना, ते बघायचं.”

आमचा प्रोग्रॅम मच्छीमारांना फोनवर वाऱ्याचा इशारा देतो. किती वाऱ्याला द्यायचा, तो आकडा सेटिंगमध्ये असतो, आणि प्रोग्रॅम सुरू होताना तो तपासतो; ही तपासणी आत्यांनीच लिहिलेली. आत्या दिवसभर त्याला मुद्दाम भलतंसलतं भरवायच्या: आकडा रिकामा, आकड्याजागी ‘आंबा’, उणे चाळीस. प्रोग्रॅमने सुरू व्हायला नकार दिला की बाई खूश. पगार मी प्रोग्रॅम चालण्याचा देत होतो, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तरी इशारे वाजतच होते. जयगडचा एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, फोनवर कावला, “होडी वर ओढलेली हाय, आणि तुमचा फोन बोंबलतोय.” मी चालू प्रोग्रॅममध्येच इशाऱ्याची मर्यादा ९९९ केली, एवढा वारा कधी सुटतच नाही. सगळं गप्प झालं आणि मी ते साफ विसरलो.

हंगामाच्या आदल्या दिवशी जुन्याच सेटिंगवर नवा प्रोग्रॅम लावला, तर तो सुरूच होईना. तांडेलांचे फोनवर फोन. मी तणतणत गेलो, “आत्या, उद्या होड्या निघतायत. तुमची ती तपासणी आधी काढून टाका.”

त्यांनी पडद्यावरचा ९९९ दाखवला. “जावईबापू, हा कोणी घातला?”

मी आधी तो आकडा पूर्ववत केला. प्रोग्रॅम बिनबोभाट सुरू झाला असता तर वादळातही एकही फोन वाजला नसता, आणि माणसं आमच्या भरवशावर समुद्रात असती.

आत्या घरी अवाक्षर बोलल्या नाहीत. आता त्या मुलाकडे पुण्याला असतात. सकाळी हपिसात त्यांच्या सगळ्या चाचण्या चालतात. त्यांत तेव्हा त्यांनी घातलेली एक आहे, ‘जावयाचा ९९९ नाकारला पाहिजे’. ती पास झाली की मला त्यांची फार आठवण येते. मग मी तांडेलांना सांगतो, जा, बिनधास्त जा.