मागच्या दरवाजाचा पोचा

त्या रविवारी मी पंचवटीत मावशीला भेटायला गेले होते. तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून भाजीबाजाराच्या अलीकडे एका भिंतीला खेटून उभी केली आणि पुढे चालत गेले. तासाभरानं परत येऊन बघते, तर उजव्या बाजूचा मागचा दरवाजा आत गेलेला आणि तिथून थेट मागच्या दिव्यापर्यंत रंग खरवडून पत्रा उघडा पडलेला.

"मांडववाल्याचा टेंपो व्हता, बाई," शेजारी मेथीच्या जुड्या लावत बसलेली भाजीवाली म्हणाली. "लोखंडी पाइप बाहेर आल्याले. वळताना घासत गेला. मी वरडले, पण त्यो काय थांबला नाय."

टेंपो कुणाचा हेही तिला माहीत होतं. गोदाम दोन गल्ल्या सोडून पलीकडे. मी फोटो काढले, गरज पडली तर सांगशील का असं तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगंल की, मला कुणाचं भ्या हाय?" मग गाडीत बसले. राग भरपूर आला होता, पण त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं.

ही गाडी म्हणजे चैन नव्हती. मी हरसूलच्या शाळेत शिकवते. एकोणीस वर्षं नाशिकहून एसटीनं जाऊन-येऊन केली. पन्नाशी ओलांडल्यावर ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा वर्गात सगळे माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. गाडी जुनी घेतली, पण माझ्या पगारातून आणि माझ्या नावावर.

मी गोदामात गेले. मांडववाला गाद्यांच्या ढिगापुढे खुर्ची टाकून बसला होता. त्यानं फोटो बघितला न बघितल्यासारखा केला.

"गाडी रस्त्यातच लावली असेल ना, मॅडम?"

"भिंतीला लागून होती. फोटोत दिसतंय."

"अहो, एवढंतेवढं होतच असतं. आमच्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथं टाका. माझं नाव सांगा, करून देईल." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "साहेबांना पाठवा ना. आम्ही आपसात बोलून घेतो."

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "बोलायचं ते माझ्याशी बोला."

घरी आले तर साहेबांचं म्हणणं वेगळंच. माझा नवरा जन्मभर कारकुनी केलेला, शांत माणूस. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "त्याची माणसं, त्याची गल्ली. आपण विम्यातून करून घेऊ. कशाला वाकड्यात शिरायचं?"

'जाऊ दे' हे शब्द ऐकले आणि मला माझे वडील आठवले. ते नगरपालिकेत सफाईच्या कामाला होते. मी आठ वर्षांची असेन. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत निघाले होते. मागून एक जीप आली, धक्का बसला, आम्ही दोघंही रस्त्याकडेला पडलो. जीप थांबली. आतल्या माणसानं वडिलांनाच चार शिव्या दिल्या आणि तो निघून गेला. पुढचं चाक पार वाकलं होतं. वडिलांनी सायकल खांद्यावर घेतली, माझा हात धरला आणि आम्ही चालत घरी आलो. आईनं विचारलं, "काय झालं?" वडील म्हणाले, "पडलो." मी तिथंच उभी होते. आम्ही पडलो नव्हतो, आम्हाला पाडलं होतं. पण मीही काही बोलले नाही.

"नाही जाऊ देणार," मी नवऱ्याला म्हटलं.

मात्र जायचं तर हातात कागद घेऊन जायचं, हे मी ठरवलं. नुसत्या तोंडी बोलण्यावर हा माणूस मला उडवून लावणार, हे दिसतच होतं.

पहिल्यांदा मुद्दाम त्याच्याच ओळखीच्या गॅरेजात गेले. मालकानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "पुट्टी भरून रंग मारू. सहा हजार. शेठकडून आम्ही बघून घेतो."

"आतला पत्रा सरळ करणार का?"

"कशाला? बाहेरून कळणारपण नाही."

"दरवाजा लावताना खर्रकन आवाज येतोय. त्याचं काय?"

"सवय होईल, मॅडम."

लिहून मागितलं तर तो हसायला लागला. मी पर्समधली वही काढून पान फाडलं, त्यानं सांगितलेलं त्याच्यासमोर लिहिलं आणि खाली सही मागितली. बाई ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथं काचेच्या केबिनमध्ये बसवून कॉफी दिली. टाय लावलेल्या सल्लागारानं टॅबवर भराभर बोटं फिरवली. नवा दरवाजा, मागचा पत्रा, बंपर, पूर्ण बाजूचा रंग. एक्केचाळीस हजार. "आणि पुढच्या दरवाजाच्या खालीपण पोचा आहे मॅडम, तोही यातच घेऊन टाकलाय," तो हळूच म्हणाला. "समोरचाच देणार आहे ना?"

तो पोचा माझा होता. पावसाळ्यात शाळेच्या फाटकाचा खांब मला दिसला नव्हता. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, असू दे. कुणाला कळणार आहे? पण त्या मांडववाल्यासमोर मला मान वर करून उभं राहायचं होतं, आणि हा खोटा पोचा पदरात बांधून ते जमलं नसतं. मी कागद घेतला आणि निघाले.

तिसरा पत्ता शाळेतल्या एका सहकाऱ्यानं दिला. आडगावच्या बाजूला पत्र्याची शेड, आणि मिस्त्री सायखेड्याकडचा. साठीचा असेल. त्यानं आधी दरवाजा दहा वेळा उघडून लावला, कान देऊन ऐकला. बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवला. मग जमिनीवर आडवा होऊन खालून बघितलं.

"दरवाजा बदलायची काय गरज नाय," उठून हात झटकत तो म्हणाला. "बिजागरी वाकलीया, ती सरळ करतो. पत्रा आतून ठोकून काढतो. पुट्टी लागंल, पण कागदावानी पातळ. एक सांगतो, बाई. नवा रंग हाय, उन्हात थोडा येगळा दिसंल. नंतर म्हणू नका सांगितलं नाय." मग पुढच्या दरवाजाकडे बोट केलं. "ह्यो बी टेंपोनंच केला का?"

"नाही. तो माझा."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "मंग येगळा लिवतो." आणि त्यानं कागदावर दोन ओळी लिहिल्या. टेंपोचं काम साडेअकरा हजार. बाईंचं काम दोन हजार.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून मी गोदामात गेले. एक कुटुंब लग्नाचा मांडव ठरवायला आलं होतं, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मी तिन्ही कागद मांडववाल्याच्या पुढ्यात ठेवले.

"एक्केचाळीस? नवी गाडी घेताय का, मॅडम?"

"ते मी मागत नाहीये. हा साडेअकराचा बघा."

"मग हा सहाचा आहे की!"

"त्यात दरवाजा तसाच राहतो, फक्त झाकला जातो. तुमच्या गाडीला असं करून घ्याल?"

त्यानं माझा मोबाइल मागून घेतला. फोटो पुन्हा बघून म्हणाला, "आणि हा पुढचा पोचा? तोपण माझ्याच माथी?"

"तो माझा आहे. म्हणून तर वेगळा लिहिलाय. त्याचे पैसे मी देणार."

याची त्याला अपेक्षा नसावी. "बरं, निम्मे-निम्मे करू."

"निम्मा टेंपो मी चालवत होते का?"

"विम्यात टाका ना मग. फुकटात होईल."

"फुकटात होत नाही. क्लेम न केल्याबद्दल मिळणारा माझा बोनस जातो आणि क्लेम माझ्या नावावर राहतो. धडक तुमची आणि नोंद माझी?"

आता त्याचा आवाज चढला. "शिक्षिका ना तुम्ही? असं दारात उभं राहून भांडणं शोभतं का?"

"खुर्ची दिली नाहीत म्हणून उभी आहे," मी म्हटलं.

लग्नाच्या मंडळींतल्या एक आजीबाई फस्सकन हसल्या आणि उठून मला म्हणाल्या, "बस गं बाई, माझ्या जागी बस." मी बसले. पर्स मांडीवर ठेवली.

"पोलीस ठाणं जवळच आहे," मी शांतपणे म्हणाले. "बघणारी बाईही सांगायला तयार आहे. पण मला तिथं जायचं नाही. मला माझा दरवाजा नीट करून हवाय, एवढंच."

त्यानं लग्नाच्या मंडळींकडे एक नजर टाकली. मग कागदावरचा नंबर बघून मिस्त्रीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. थोडं कमी कर, असं चारदा सांगून बघितलं. पलीकडून मिस्त्री म्हणाला, "नाय व्हणार, शेठ. बाईंनी सोताचा पोचा येगळा काढून दिला. आता मी भाव जास्ती लावला असंल का?"

पैसे त्यानं तिथल्या तिथं मिस्त्रीला मोबाइलवरून पाठवले. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "लई चिवट आहात."

"हो," मी म्हटलं आणि तिन्ही कागद उचलून घेतले.

पुढचे पाच दिवस, मधला रविवार सोडून, मी पुन्हा एसटीनं हरसूलला गेले. सहाव्या दिवशी गाडी आणायला नवरा बरोबर आला. मी न सांगताच आला. मिस्त्रीनं सांगितलं होतं तसा रंग उन्हात किंचित वेगळा दिसत होता, आणि ते मला चाललं. माझे दोन हजार मी मोजून दिले.

परत येताना नवरा शेजारी बसून होता. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "मला नसतं जमलं."

मी म्हटलं, "मलाही जमेल असं वाटलं नव्हतं. गोदामात पाय लटपटत होते."

"मग?"

"मग काय? लटपटत्या पायांनीच उभी राहिले."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं लगेच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी घाई केली नाही. पहिला गिअर टाकला आणि सावकाश निघाले.