पिल्लांचा दिवा कधी बंद झाला

बनशंकरीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्याच्या मागच्या अंगणात तेव्हा कपडे धुण्याचा एक दगड होता आणि एक रिकामं खुराडं. खाली घरमालकीणबाई एकट्याच राहतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलतात, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पहिले दोन महिने मी नुसती मान डोलवत असे.

आई गेल्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबरात, बाबा नागपूरहून माझ्याकडे राहायला आले. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. आल्या आल्या त्यांनी बंगळूरच्या थंडीची यथेच्छ थट्टा सुरू केली. पहाटे फिरायला जाणारे लोक कानटोप्या घालतात, रिक्षावाले मफलर गुंडाळतात, हे पाहून ते मला विचारायचे, "याला काहून थंडी म्हणतात गं हे लोक? आपल्याकडे एवढ्यात पंखा सुरू असतो."

मग पिल्लं आली आणि त्याच बंगळूरचं एका दिवसात काश्मीर झालं.

झालं असं की अक्कांना पुन्हा कोंबड्या पाळायच्या होत्या. आधीच्या कोंबड्या एका मुंगसाने नेल्या, त्यालाही चार वर्षं झाली होती. बाबांना काही काम हवंच होतं. ते म्हणाले, मी आणतो. कनकपुरा रस्त्यावरच्या एका पशुखाद्याच्या दुकानातून ते पुठ्ठ्याच्या खोक्यात आठ पिल्लं घेऊन आले. एक दिवसाची, देशी, मुठीत मावणारी.

अक्कांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "आणि यांची आई कुठं आहे, अण्णा?"

"आई नव्हती तिथे. नुसती पिल्लंच मिळतात."

"मग आईचं काम कोण करणार?"

"मी," बाबा म्हणाले, आणि ते खरोखरच कामाला लागले.

खोकं माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या खाली ठेवलं गेलं. आता वरून उष्णता देणारा बल्ब हवा होता, जुना, पिवळ्या उजेडाचा, साठ वॅटचा. तो शोधायला मी बाबांबरोबर गेले. पहिल्या दुकानात दुकानदाराने एलईडी पुढे केला आणि कौतुकाने म्हणाला, "बिलकुल गरम नहीं होता सर, हाथ लगाके देखो."

"मेरे को गरम होने वाला ही चाहिए," बाबा म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरच्या बसकडे पाहिलं. चौथ्या दुकानात जुन्या मालातले धूळ बसलेले दोन बल्ब मिळाले. बाबांनी दोन्ही घेतले आणि घरी येईपर्यंत रिक्षात मांडीवर धरून बसले.

त्यानंतर एक थर्मामीटर आला आणि एक वही आली. वहीत उभे रकाने आखलेले होते: तारीख, वेळ, बल्बखालचं तापमान, कोपऱ्यातलं तापमान, शेरा. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी, असा नियम त्यांनी वाचून ठेवला होता. बल्ब वर-खाली करायला पडद्याच्या दांडीवरून सुतळी सोडली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या पाठीमागून चिवचिवाट ऐकू यायचा आणि मधूनच बाबांचा आवाज, "बत्तीस. उत्तम."

मी लहान असताना हाच माणूस होळी झाली की आमच्या बंबातला विस्तव बंद करायचा. मार्चमध्ये गरम पाणी मागणाऱ्याला ते लाडावलेला म्हणायचे. मी त्यांना ही आठवण करून दिली.

"तुला पिसं नसली तरी अक्कल होती," ते म्हणाले. "यांना दोन्ही नाही."

अक्का रोज संध्याकाळी जिना चढून यायच्या, थर्मामीटरकडे ढुंकूनही न बघता खोक्यात पाहायच्या आणि निकाल द्यायच्या. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असली की म्हणायच्या, "थंडी वाजतेय यांना." भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून बसली असली की, "स्वल्प वर घ्या दिवा." बाबा मग थर्मामीटर बघायचे आणि तो बहुतेक वेळा अक्कांच्याच बाजूने निघायचा. हे शेऱ्याच्या रकान्यात कधी आलं नाही.

तीन आठवड्यांनी पिल्लं खोक्याच्या काठावर उड्या मारायला लागली. माझ्या लॅपटॉपवर एकाने जे करायचं ते केलं आणि त्याच दिवशी सगळ्यांची रवानगी अंगणातल्या खुराड्यात झाली. बल्बही खाली गेला. वायर अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली आणि बटण त्यांच्या ओट्याशेजारी आलं. डिसेंबर उजाडला होता. रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरायचा. बाबांनी खुराड्याला एका बाजूने ताडपत्री लावली आणि स्वतःचा एक जुना स्वेटर छपरावर पसरला.

पाचवा आठवडा संपताना अक्का म्हणाल्या, "अण्णा, आता दिवा पुरे."

"अजून नाही. पूर्ण पिसं यायला सहा आठवडे लागतात. त्यावर एक आठवडा सावधगिरीचा."

अक्कांनी सरळ हात घालून एक पिल्लू काढलं, पंख उचलला आणि खाली फुंकर मारली. "बघा. कुठं दिसतेय कातडी? पाठ भरली, छाती भरली, पंखाखाली भरलं."

"डोक्यावर अजून लव आहे."

"डोकं माझं पण उघडंच असतंय."

बाबांनी मग त्यांना योजना समजावून सांगितली. साठ वॅटवरून चाळीस, चाळीसवरून पंचवीस, मग शून्य. एकदम बंद केलं तर जिवाला धक्का बसतो. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नळ दुरुस्त करणाऱ्यालाही त्या अशाच "सरी" म्हणतात आणि तो गेल्यावर पाना घेऊन स्वतः बसतात.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मला हेब्बाळच्या ऑफिसात लवकर पोचायचं होतं, म्हणून पाचलाच निघाले. जिना उतरताना अंगण काळोखात दिसलं. वाटलं, वीज गेली. पण गल्लीतले दिवे तर लागलेले. मी खुराड्याजवळ गेले. आठही पिल्लं आडव्या काठीवर ओळीने, पिसं फुगवून, गाढ झोपलेली होती. एकही कोपऱ्यात नव्हतं, एकही ओरडत नव्हतं.

"ओरडू नको," मागून आवाज आला. अक्का पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या.

"दिवा बंद आहे, अक्का."

"मीच करते. पाच दिवस झाले. अण्णा साडेनऊला झोपतात, मी दहाला बंद करते. साडेपाचला परत लावते. ते साडेसहाला येतात तोवर गरम झालेलं असतंय सगळं."

"बाबांना सांगितलं नाहीत?"

"सांगून बघितलं की. तूही होतीस." मग म्हणाल्या, "पहिल्या रात्री मी दोनदा उठून बघितलं हो. कुडकुडली असती तर लावला असता. एवढ्या उजेडात कुणाला झोप लागते, तूच सांग."

मी कॅबमध्ये बसले ती कटात सामील होऊनच. खरं सांगायचं तर मला मजाच वाटत होती. सबंध बालपण ज्या माणसाने माझ्या गणितातल्या चुका शोधल्या, त्याची वही आता पाच दिवस चुकीची होती आणि त्याला पत्ता नव्हता.

पुढचे दिवस मात्र कठीण गेले. रात्री जेवताना बाबा म्हणायचे, "पाहिलंस किती स्वस्थ झोपतात? योग्य उष्णता मिळाली की हे असं." मला वरणाचा ठसका लागायचा. त्यांनी ठरल्याप्रमाणे चाळीसचा बल्ब लावला, मग पंचवीसचा. दोन्ही वेळा अक्का आणि मी शेजारी उभ्या राहून गंभीर चेहऱ्याने पाहत होतो. शेवटी सातव्या आठवड्याच्या अखेरीस त्यांनी बल्ब काढून खिशात घातला आणि जाहीर केलं, "आजची पहिली रात्र. बघू या." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता खाली गेले आणि छाती काढून वर आले.

"आठच्या आठ," ते म्हणाले.

"शाबास, अण्णा," अक्का खालून म्हणाल्या. यात मला थोडा अतिरेक वाटला.

त्याच रविवारी ते नागपूरच्या आपल्या मित्राशी फोनवर बोलत होते. पिल्लांना उष्णतेतून टप्प्याटप्प्याने कसं बाहेर काढायचं असतं, यावर त्यांनी वीस मिनिटं घेतली. "शास्त्रीय पद्धतीने केलं, म्हणून एकही दगावलं नाही," असं ते म्हणाले आणि मला हसू आवरेना. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकाची ती नजर मला पस्तिसाव्या वर्षीही झेपत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. चप्पल घातली, खाली गेले आणि अक्कांच्या दारात उभे राहिले. मीही मागोमाग गेले.

"किती रात्री?" त्यांनी विचारलं.

अक्का कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी बोटांवर मोजलं. "तेरा."

"कुठल्या तारखेपासून?"

अक्कांनी तिथी सांगितली. बाबांनी कॅलेंडरवर तारीख काढली, वर आले, वही उघडली आणि त्या दिवसापासूनच्या तेरा ओळींत, शेऱ्याच्या रकान्यात, पट्टीसारख्या सरळ अक्षरात लिहिलं: रात्री दहा ते साडेपाच दिवा बंद. परिणाम नाही. मला वाटलं होतं ते ओशाळतील, आणि त्यांना चिडवायचे दोन-तीन मुद्दे मी तयार ठेवले होते. ते तसेच राहिले.

दोन दिवस त्यांनी अक्कांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी त्यांना अंगणातून हाक मारली. सगळ्यात लहान पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं.

"हात घाला इथं, पंखाखाली," त्या म्हणाल्या. "लव असली की बोट सरळ कातडीला लागतं. पिसं आली की मध्ये गादी लागते. हवा पंधराच्या वर आणि गादी भरलेली, मग दिवा कशाला?"

बाबांनी बोट घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. पिल्लाने डोळे मिटून घेतले.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"तेव्हा तुम्ही डोक्याकडे बघत होता."

बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये आमच्या मागच्या गल्लीतलं एक जोडपं रंगवलेली सहा पिल्लं घेऊन आलं. पुण्याची मंडळी, नवीनच बदली होऊन आलेली. दिवा कधी बंद करायचा, हे त्यांना विचारायचं होतं. बाबांनी कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि पस्तीस अंशांपासून सुरुवात केली. जोडपं मोबाइलवर टिपून घेत होतं. पाचव्या आठवड्यापाशी ते थांबले.

"यापुढचं वहीत नीट नाही," ते म्हणाले. "पाच आठवड्यांनी पिल्लू घेऊन या. अक्का बघतील."

अक्का दारातच होत्या. "तुम्ही पण बघा की, अण्णा," त्या म्हणाल्या. "आता येतंय तुम्हाला."