उताऱ्याचं सरबत

सुंदराबाईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला आहे, आणि त्यानं तिथून उठावं असं तिला कधी वाटलेलंही नाही. घाटकोपर पूर्वेच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ती राहते. दवाखान्यात आयाबाई म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर आहे. कुणी हसून विचारपूस केली तर "तुला काय करायचंय?" म्हणते. आणि दर अमावस्येला तिन्हीसांजेला नाक्यावर जाऊन लोकांनी उतरवून टाकलेली लिंबं पिशवीत भरून आणते. घरी येऊन ती लिंबं धुते, त्यांचं सरबत करते आणि खिडकीत उभी राहून, सगळ्या बिल्डिंगला दिसेल अशा बेतानं पिते.

"मावशी, बाधेल हो," असं समोरच्या मानसीनं एकदा सांगून पाहिलं.

"बाधू दे की. मी बी बघते कोण जिंकतं."

लोक तिच्या वाटेला जात नाहीत. मानसी तर तिची सावली दिसली की मुलीला आत ओढते.

सुंदराबाईचं गाव मराठवाड्यातलं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, आणि त्याच साली गल्लीत एक तान्हं मूल अमावस्येला दगावलं. ताप होता, दवाखाना लांब होता. पण गावाला दवाखान्यापेक्षा विधवा बाई जवळ सापडली. तिला घरातून ओढून पारावर आणलं, चेटकीण म्हणाले, केस कापले, हात दुखेपर्यंत मारलं. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ राजाराम तिला घेऊन मुंबईला आला तो आलाच. पुढे तिनं बुद्धविहार धरला. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून ती वंदनेला जाते. पौर्णिमा विहाराची, अमावस्या मात्र तिची एकटीची. त्या दिवसाचं गावाकडून येणं बाकी आहे, ते ती लिंबालिंबानं वसूल करते. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. रश्मीला तर नाहीच.

रश्मी ही राजारामची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, राजाराम अलीकडे गेला, आणि घरात आत्या-भाची दोघीच उरल्या. रश्मी अंधेरीच्या एका ऑफिसात डिझाइनचं काम करते. तिथल्या मैत्रिणीकडून तिनं हे नवं खूळ आणलं. विक्का म्हणतात त्याला. तिकडे विलायतेत जंगलातल्या, चंद्राच्या, ऋतूंच्या जुन्या पूजा लोकांनी नव्यानं सुरू केल्या, त्यांचे वर्षाला आठ सण. पुनवेला रश्मी बरणीत पाणी भरून खिडकीत ठेवायची, त्यात चांदणं उतरतं म्हणून. फेब्रुवारीत थंडी सरल्याचा सण, तर इकडे पंखा पाचावर. डिसेंबरात सूर्य परत यावा म्हणून मेणबत्त्या.

"कुठं गेला व्हता गं सूर्य?" सुंदराबाई विचारायची. "मुलुंडला?"

"आत्या, तू हस. पण मला बरं वाटतं यात."

बरं वाटतं, हे खरं होतं. बाप गेल्यापासून पोरगी झोपेत रडायची, ते या सणांमुळे थांबलं होतं. म्हणून सुंदराबाई दात-ओठ खात का होईना, गप्प बसायची. पण रश्मी स्वतःला विच म्हणवून घ्यायची, फोनवर आपल्या नावाखाली तिनं 'घाटकोपरची चेटकीण' असं लिहिलं होतं आणि ते वाचून मैत्रिणी बदाम पाठवायच्या. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुंदराबाई मोरीत जाऊन ओकली होती. पोरीला सांगितलं, शिळं खाल्लं.

२०२४च्या दिवाळीत एकतीस ऑक्टोबरला रश्मीचा मोठा सण आला. सॉविन म्हणतात. त्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी ताट वाढायचं. आणि नेमकी त्याच दुपारी अमावस्या लागली. सुंदराबाई पिशवी घेऊन नाक्यावर गेली. रश्मीनं मागे बापाचं ताट मांडलं आणि ते घरात ठेवायचं सोडून दाराबाहेर, पॅसेजमध्ये ठेवलं. बाबांना वाट सापडावी म्हणून. काळं कापड, तीन मेणबत्त्या, भाकरी, सुकटीची चटणी, लिंबाची फोड, आणि आडवं कापलेलं सफरचंद. आडवं कापलं की आत चांदणी दिसते.

मानसीची मुलगी प्रांजल दुपारपासून ओकत होती. मानसीनं दार उघडलं तर समोर हे.

सुंदराबाई जिना चढून आली तेव्हा पॅसेज माणसांनी भरला होता. मानसीचा नवरा विशाल पुढे होता. "कुणावर केलंय हे? माझ्या पोरीवर?"

रश्मी हसत होती. तिला खरंच वाटत होतं, नीट समजावलं की झालं. "अरे दादा, घाबरू नका ना! करणी नाहीये ही. मी विच आहे, म्हणजे चेटकीणच, पण चांगली."

कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प झाले. बायकांनी पोरं मागे घेतली, एका माणसानं हातातली पिशवी खाली ठेवली. सुंदराबाईनं ही शांतता ओळखली. असंच गप्प झालं होतं गाव तेव्हा, पहिला हात उठायच्या आधी.

ती गर्दीत घुसली, रश्मीला खांद्यानं ढकलून दारात लोटलं आणि त्या ताटासमोर फतकल मारून बसली.

"भूक लागली मला," ती म्हणाली आणि खायला लागली.

भाकरी खाल्ली, चटणी खाल्ली, लिंबू सालासकट चावलं. चांदणीचं सफरचंद उरलेल्या दातांनी कराकरा फोडलं. मेणबत्त्या थुंकीच्या बोटांनी विझवल्या. कुणाला किळस आली, कुणाला धडकी भरली, पण नजर कुणाचीच हलली नाही. मागून रश्मी ओरडत होती, "आत्या, नको! बाबांचं आहे ते!"

"हे बघ विशाल," ताट चाटून झाल्यावर सुंदराबाई म्हणाली, "करणी असंल तर आता माझ्या पोटात हाय. मेले तर ये जाळायला. आन् तवर पोरीला डॉक्टरकडं ने, मुर्दाडा. इथं लिंबं काय मोजतोस?"

विशाल मुलीला उचलून जिन्यानं उतरला. फराळ बाधला होता, दुसरं काही नव्हतं. पण ते ऐकायला कोण थांबतंय!

घरात येताच रश्मी तिच्यावर उसळली. "वर्षभर वाट पाहिली मी या दिवसाची. तू माझ्या बापाचं ताट खाल्लंस. तुला कधी माया नव्हतीच त्यांची."

तेव्हा सुंदराबाईनं सांगितलं. पार, केस, मार, सगळं. "आन् मला चेटकीण म्हणत व्हते. तू फोनवर मिरवतीस ना, तेच."

रश्मीचा आवाज खाली आला. "आणि बाबा?"

"तिथंच व्हता. गर्दीत. मान खाली घालून उभा. एक सबूद बोलला न्हाई." सुंदराबाई आणखीच चिडली. "जन्मभर मला भाकर दिली त्यानं, पर त्याबद्दल कधी बोलला न्हाई. आज त्याचं ताट मी खाल्लं. माझंच व्हतं ते."

"खोटं बोलतेस तू," रश्मी म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

सकाळी ती अंधेरीच्या मैत्रिणीकडे निघाली. दार उघडलं आणि थबकली. उंबऱ्यावर लिंबू होतं. हळदकुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं. इतक्या वर्षांत या दारात ते कुणी ठेवलं नव्हतं. पुनवा-अवसा तोंडपाठ असलेल्या पोरीचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. समोर मानसीचं दार फटीएवढं उघडं होतं.

सुंदराबाई उठली. टाचण्या उपटल्या, लिंबू धुतलं, कापलं, पेला ढवळला आणि नेहमीसारखी खिडकीकडे निघाली. रश्मीनं तो पेला तिच्या हातातून काढून घेतला. थोडं सरबत सांडलं. ती पॅसेजमध्ये गेली, मानसीच्या दारासमोर उभी राहिली आणि डोळे न मिटता शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. बॅग उंबऱ्याच्या आतच राहिली होती.

"आत्या," सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "साखर कमी पडलीये गं."