मुक्याची गिटार

बँडमध्ये त्याला सगळे मुका म्हणायचे. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. मुकी होती ती त्याची गिटार. नाव ठेवलं ड्रमवाल्याने. मुक्याचं लग्न बँडच्याच गायिकेशी ठरलं तेव्हा त्या नावाचा दुसरा अर्थ सगळ्यांना एकदम आठवला आणि पुढचा महिनाभर ड्रमवाल्याने कोट्या करकरून दोघांना नको नको केलं.

मुक्याचे वडील बँजो वाजवायचे. बँजोचा आवाज खणखणीत, नाचाच्या हॉलच्या दारापर्यंत सहज पोचायचा. पण जॅझचे बँड वाढत गेले, नाचणाऱ्यांची आवड बदलली, बँजो मागे पडला आणि त्याच्या जागी गिटार आली. गिटारचा गळा गोड, पण छातीत दम नाही. पुढे सॅक्सोफोन, मागे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, शेजारी ड्रम. त्या गदारोळात मुका जाड तारा घट्ट ताणून चार-चार ठोके झोडत बसायचा. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. तरी पहिल्या रांगेतल्या जोडप्यालासुद्धा त्याचा एक सूर धड ऐकू येत नसे.

एकदा तो तापाने घरी पडला. त्या रविवारी लोक नाचताना सारखे एकमेकांच्या पायावर पाय देत होते, आणि का ते कुणालाच कळेना. मास्तरांना कळलं. मास्तर म्हणजे बँडचे प्रमुख, स्वतः ट्रम्पेट वाजवणारे, रागीट पण कानाचे तयार. "तू वाजवतोस ते ऐकू येत नाही रे," ते त्याला म्हणाले, "तू नसलास की ऐकू येतं."

मुका हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. घरी स्वयंपाकघरात बायको भाजी चिरत असायची आणि हा स्टुलावर बसून तीच नाचाची गाणी घ्यायचा. गाण्याच्या दर फेऱ्याला चाल मोडायचा आणि त्याच सुरांतून नवी बांधायचा. कालची आज नाही, आजची उद्या नाही. जॅझ वाजवायचा तर असा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ऐकणारी मात्र एकटी बायको.

"तुझा आवाज तरी कुठे मोठा आहे?" तो तिला म्हणायचा. "माईक आला म्हणून तू कानात सांगितल्यासारखं गातेस आणि शेवटच्या कोपऱ्यातला माणूससुद्धा ऐकतो. मग माझ्या गिटारने काय घोडं मारलंय?"

"माझ्या भावाला विचारा," ती म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने गिटारच्या तारांखाली एक चुंबकाची पट्टी बसवली आणि जुन्या रेडिओच्या पोटातलं सामान काढून अँप्लिफायरची एक पेटी जुळवली. आवाज असा की खिडकीची काच थरथरली. पण प्लग हातात देताना त्याने मुक्याचं मनगट धरून ठेवलं.

"भाऊजी, नीट ऐका. हा लाल ठिपका कायम वर. प्लग उलटा बसला तर तारांमध्ये वीज उतरेल. तुमच्या बुटांना रबर आहे, स्टेज लाकडी आहे, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही. पण अशा वेळी माईकला हात लागला तर संपलंच. चांगला ट्रान्सफॉर्मर मिळाला की ही भानगड राहणार नाही. तोवर थांबा, असंच माझं म्हणणं आहे."

मुका थांबला नाही.

मास्तरांनी कुरकुरत त्याला एकट्याने वाजवायला गाण्याचा एक फेरा दिला. "एकच. आणि लोक नाचायला येतात, हे विसरू नकोस."

रविवारी दुपारी मुक्याने प्लग लावला, ठिपका वर असल्याचं दोनदा पाहिलं आणि चहाला गेला. मधल्या वेळात हॉलच्या रखवालदाराने तो प्लग काढून फरशी घासायचं यंत्र चालवलं, आणि काम झाल्यावर बिचाऱ्याने आठवणीने परत लावला. हे मुक्याला फार नंतर कळलं.

हॉल भरला. चौथं गाणं त्याचं होतं. बायकोने कडवं संपवलं, मास्तरांनी मान हलवली आणि मुक्याने पहिला सूर सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा सूर समोरच्या भिंतीवर आपटून त्याच्याकडे परत आला. नाचणाऱ्यांनी माना वळवल्या. तो चाल मोडत गेला, बांधत गेला. एक जोडपं थांबलं, मग दुसरं. हळूहळू अर्धा हॉल जागच्या जागी उभा राहून स्टेजकडे बघू लागला. मास्तरांच्या कपाळावर आठ्या चढल्या, पण मुक्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

डोलता डोलता त्याचं उघडं कोपर माईकच्या लोखंडी दांडीला लागलं. कुणीतरी हाडात खिळा ठोकावा तसा झटका बसला. बोटं चुकली नाहीत, पण त्याने भिंतीकडे पाहिलं. लाल ठिपका खाली होता.

त्याच क्षणी थांबायला हवं होतं. पण समोर सगळा हॉल कान देऊन उभा होता. फक्त दांडीपासून लांब राहायचं, एवढा फेरा काढायचा, असं त्याने मनाला बजावलं आणि एक पाऊल मागे सरकला.

तेवढ्यात बायकोने माईक दांडीवरून काढून हातात घेतला. इतकी वर्षं स्वयंपाकघरात ऐकलेलं आज सगळे ऐकत होते. तिचा चेहरा फुलून आला होता. एका हातात माईक, दुसरा हात पुढे करून ती त्याच्याकडे निघाली. गर्दीच्या उकाड्याने तिचे तळवे घामेजलेले असणार, हे त्याच्या डोक्यात लख्ख उमटलं. त्याने जोरात मान हलवली. तो लाजतोय असं वाटून ती आणखीच हसली. तो ओरडला, "नको!" पण त्याच्याच गिटारच्या आवाजात त्याचा शब्द बुडाला. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. तिचा हात त्याच्या मानेपासून वीतभर लांब होता.

मुक्याने दोन्ही हात तारांवरून उचलून डोक्यावर नेले आणि पायाने वायरला हिसडा दिला. पेटीतून फट्ट आवाज आला. हॉल चिडीचूप झाला, आणि तिचा ओला तळवा त्याच्या मानेवर टेकला. त्याने डोळे मिटून घेतले होते.

काहीच झालं नाही.

ड्रमवाला हुशार, त्याने लगेच ठेका उचलला. ट्रम्पेट आले, थबकलेले पाय पुन्हा सुरू झाले. मास्तर दातओठ खात पुटपुटले, "आधी लोकांचे पाय थांबवलेस, मग गाणंही!" मुका नुसत्या तारा झोडत राहिला, कुणाला ऐकू येणार नाहीत अशा. ठोका मात्र हलला नाही. मध्यंतरात त्याने खरं काय ते सांगितलं, तेव्हा मास्तर गायिकेकडे बघत खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

घरी बायकोने एकच विचारलं. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "अर्धा फेरा आधी," तो म्हणाला.

ती दिवा न लावता खिडकीपाशी बसून राहिली. सकाळी भाऊ धावत आला आणि हातोडी घेऊन थेट पेटीकडे गेला. "ताई, मी हे करायलाच नको होतं."

तिने त्याचा हात धरला. "फोडू नकोस. नीट कर."

ट्रान्सफॉर्मर मिळायला बरेच महिने लागले. पेटी इतकी जड झाली की उचलायला दोघे लागत. त्या दिवसांत ती स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून गायची आणि घरी गिटार निघाली की बाहेरच्या खोलीत जायची. पेटी हॉलमध्ये परत आली त्या दुपारी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आधी तुम्ही. एक हात तारांवर, दुसरा माईकवर. मग मी."

त्याने हात ठेवला. ती बघत राहिली, आणि मग आपल्या जागी येऊन उभी राहिली.

मास्तरांनी फेरा पुन्हा दिला, एका अटीवर: एकही पाय थांबता कामा नये. ते त्याला झटक्यात जमलं नाही. पण नाचणाऱ्यांच्या टाचांकडे बघत चाल बांधायला तो शिकला, आणि लोक हसत, घामाघूम होत, त्याच्या सुरांवर नाचू लागले. मुका हे नाव मात्र काही सुटलं नाही.

पुढे नाचाचे हॉल एकामागून एक बंद पडले. लोक खुर्च्यांवर बसून जॅझ ऐकू लागले आणि तो चौघांच्या लहान बँडमध्ये वाजवू लागला. नवीन वादकांना गंमत वाटायची: म्हातारा माईकला हात लावल्याशिवाय कार्यक्रम सुरूच करत नाही. "पाया पडतो की काय?" ते एकमेकांना विचारायचे. त्याने कधी कारण सांगितलं नाही. बायको बाजूला उभी असायची, त्याच्या हाताकडे बघत, आणि तो हात माईकवरून निघाला की गायला पुढे यायची.