माळेचं पाणी

आमच्या बीबी गावात काविळीची साथ आली तेव्हा पुण्याहून एक संशोधक बाई आल्या होत्या. विषाणूंवर काम करताकरता त्यांचे केस पिकले होते. नाव सांगितलं असेल, पण माझ्या लक्षात राहिली ती त्यांची बर्फाची पेटी. तिच्यात रक्ताचे नमुने असत. उन्हात निघताना त्या स्वतःचं डोकं उघडं ठेवून ओढणी पेटीवर पांघरत.

आधी त्या आमच्याच घरी आल्या, कारण माझ्या सासूबाई काविळीची माळ देतात आणि डोळे पिवळे झालेला माणूस दवाखान्याआधी आमच्या ओट्यावर येतो.

सासूबाई घुश्शातच होत्या. "माळ बंद कराले सांगता काय मले?"

"नाही हो मावशी." बाई ओट्यावर मांडी घालून बसल्या. "माळ द्या. पण ही कावीळ पाण्यातून पसरते. माळेसोबत एक पथ्य सांगा, घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचं. आणि गरोदर बाई आली तर थांबवू नका, लगेच दवाखान्यात पाठवा." बोलताना त्यांची नजर माझ्या पोटाकडे होती. मला सातवा लागला होता.

"अन् गुण आला तर लोकं माळेचंच नाव घेतील, तुमचं नाही."

"घेऊ द्या की," म्हणत त्यांनी ओढणीने पेटी पुसली.

पथ्य सांगायला सासूबाईंना आवडतंच; माळेसोबत त्या हेही सांगू लागल्या. साथ ओसरली, बाई परत कधी दिसल्या नाहीत.

परवा माझी लेक पाहुण्यांपुढे उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला धरून म्हणाली, "प्या बिनधास्त. माळेचं पाणी आहे."